रुग्णाच्या भाषेत समजावून सांगितले

वॉर्डच्या मुख्य सिस्टरने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. मी शेवटच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची पाठ पुसत होते. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, अठ्ठावीस खाटा. अठ्ठावीस माना वळल्या.

"नर्स, इकडे ये. तुमच्यातला एक आलाय. काय हवंय ते विचार त्याला. सकाळपासून माझं डोकं खाल्लंय."

मी हात पुसत गेले. सतरा नंबरच्या खाटेवर एक बारीक चणीचा माणूस बसला होता. पंचेचाळिशीचा असेल. फाउंड्रीत कामाला. उजव्या पायावर तापलेलं लोखंड पडलेलं, त्यात साखरेचा आजार, जखम चिघळलेली. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. तो भडाभडा बोलायला लागला आणि मला एक अक्षर कळेना. त्याच्या कागदावर जन्मगाव लिहिलं होतं, सिल्हेट.

मी म्हटलं, "सिस्टर, हा बंगाली बोलतोय. मला बंगाली येत नाही. माझी भाषा मराठी."

"पण तू इंडियन आहेस ना?"

"हो. हा पूर्व पाकिस्तानचा आहे."

सिस्टर हसली. खिडकीजवळचे दोन पेशंटही हसले. "बघा, आता ही मला भूगोल शिकवणार," ती त्यांना म्हणाली. मग बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करत माझ्याशी बोलली. "यूज युअर कॉमन सेन्स, नर्स. तो काळा, तू काळी. जमेल तुला."

आणि ती चहा प्यायला गेली.

हे कॉव्हेंट्रीतलं. सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण तसं तेच एक हॉस्पिटल होतं असं नाही.

मी वर्ध्याकडची. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगची कामं शिकले, तिथल्या एका बाईने अर्ज भरून दिला, आणि एकविसाव्या वर्षी मी एक ट्रंक घेऊन इंग्लंडला आले. इथे नर्सिंगचं शिक्षण दोन प्रकारचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. एक तीन वर्षांचं, पूर्ण नर्सचं. एक दोन वर्षांचं, हाताखालच्या नर्सचं. मला दुसऱ्यात घातलं. त्या कागदाला हिंदुस्थानात कोणी विचारत नाही, हे मला दीड वर्षानं कळलं. मी विचारलं, आधी का सांगितलं नाही. ऑफिसातली बाई खरंच गोंधळली. म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल."

तिथे सगळं असंच होतं. उजव्या हाताला प्लॅस्टर असलेल्या माणसाचा पाण्याचा ग्लास रोज उजवीकडेच ठेवायचे. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसाच्या हातात जेवणाचं कार्ड द्यायचे आणि त्यानं खूण केली नाही म्हणून त्याला उपाशी ठेवायचे. सतरा नंबरच्या माणसाला रोज दुपारी डुकराचं सॉसेज. तो ताट सरकवायचा. ट्रॉलीवाली कागदावर लिहायची, जेवायला नकार.

दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणूस समोर उभा असतो. त्याला ओळखता येतं, त्याच्याशी भांडता येतं. इथे कोणाच्या मनात काही नसायचं. मनात काही नाही, डोक्यात काही नाही, आणि चूक मात्र तुमची. वर पुन्हा तेच एक वाक्य, कॉमन सेन्स वापर.

सतरा नंबरचं नाव मोफिज मियाँ. सिस्टर त्याला "मिस्टर मी" म्हणायची. मी त्याच्या ताटातलं सॉसेज गुपचूप काढून बाजूच्या खाटेवरच्याला द्यायचे आणि त्याच्या वाटचे बटाटे, वाटाणे याच्या ताटात टाकायचे. दुसऱ्या दिवसापासून तो मला "बोइन" म्हणायला लागला. तेवढं कळायचं. बहीण. बाकी आमचं खाणाखुणांवर चालायचं. त्याला मोडकंतोडकं हिंदुस्थानी यायचं, दहा-बारा शब्द. जी. पानी. थोडा. ठीक. दर्द. रोज संध्याकाळी सात वाजता, भेटीच्या वेळी, त्याचा गाववाला यायचा. रशीद नावाचा, तरुण, बस कंडक्टर. त्याला इंग्लिश चांगलं यायचं. मोफिज मियाँ दिवसभर त्या सात वाजण्याकडे डोळे लावून असायचा.

वॉर्डात आणखी एक मराठी माणूस होता. रजिस्ट्रार. मोठ्या सर्जनच्या हाताखालचे डॉक्टर, पुण्याचे. पहिल्या भेटीत मराठी ऐकून खूश झाले. "अरे वा, कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. पुढच्या वाक्याला 'तुम्ही'चं 'तू' झालं. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस, पण एका आडनावाचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत फक्त हुकूम देताना बोलायचे.

त्याचं ऑपरेशन ठरलं तो दिवस गुरुवार होता, कारण गुरुवारी मोठे सर्जन ऑपरेशनं करायचे. सकाळच्या फेरीत त्यांनी मोफिज मियाँचा पाय पाहिला, रजिस्ट्रारशी दोन वाक्यं बोलले आणि पुढे गेले. अकराच्या सुमाराला रजिस्ट्रार हातात संमतीचा कागद घेऊन आले. मी वाचलं. उजवा पाय, गुडघ्याखाली कापणे.

"याला सांग, पायाचं ऑपरेशन आहे. आणि सही घे."

मी मराठीत म्हटलं, "डॉक्टर, मला त्याची भाषा येत नाही. पाय कापायचा आहे हे मी खुणेनं कसं सांगू? संध्याकाळी सातला त्याचा गाववाला येतो. त्याला इंग्लिश येतं. तो नीट सांगेल."

"दोन वाजता थिएटर आहे. सात वाजता मोठे साहेब काय कंडक्टरची वाट बघत बसणार आहेत?"

"मग बस डेपोला फोन करा. तासाभरात येईल तो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. सिस्टर मागे उभी होतीच. तिने विचारलं, काय म्हणतेय ही? रजिस्ट्रार इंग्लिशमध्ये म्हणाले, "काही नाही, जरा घाबरलीय." सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला. "अगं, तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. तू सांगितलंस की तो ऐकेल. उगाच त्याला घाबरवू नकोस. छोटंसं ऑपरेशन म्हणून सांग. आणि पुढच्या महिन्यात तुझा रिपोर्ट मलाच लिहायचाय, हे लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. रिपोर्ट वाईट आला तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर नोकरी नाही. राहायची खोली नोकरीबरोबरची.

मी मोफिज मियाँच्या खाटेवर बसले. त्याच्या पायाकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ऑपरेशन." त्याला तो शब्द माहीत होता. त्याने डोळे मोठे केले. मग त्याने स्वतःच अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून मला विचारलं, "थोडा?"

मी रजिस्ट्रारकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.

मीही अंगठा आणि बोट जवळ आणलं. म्हटलं, "थोडा."

"ठीक, बोइन," तो म्हणाला. आणि त्याने बंगालीत, सावकाश, एकेक अक्षर लावत आपलं नाव लिहिलं. त्याच्या सहीखाली छापलेलं होतं: वरील सर्व मी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले आहे. त्याखाली रेघ. त्या रेघेवर मी सही केली. माझं पूर्ण नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

पाच वाजता तो शुद्धीवर आला. आधी पाणी मागितलं. मग हात खाली नेला. चादरीवरून हात फिरवत तो खाली खाली गेला, आणि जिथे पाय असायला हवा होता तिथे चादर सपाट होती. तो ओरडला नाही. त्याने चादर दाबून पाहिली. पुन्हा पाहिली. मग वॉर्डभर नजर फिरवून मला शोधलं. मी औषधांच्या कपाटाशी उभी होते. त्याने हात वर केला, अंगठा आणि बोट जवळ आणलं, आणि तसंच धरून ठेवलं. कितीतरी वेळ.

सात वाजता रशीद आला. दहा मिनिटं खाटेपाशी बसला आणि मग माझ्याकडे आला. शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाला, "तो विचारतोय, तुम्ही थोडा का म्हणालात?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणतात कापावाच लागला असता. असेल. पण तो म्हणतो, मला एक रात्र द्यायची होती. घरी पत्र लिहिलं असतं. नमाज पढलो असतो." मग म्हणाला, "पाय कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आमच्यात दफन करतात. शरीराचा भाग आहे तो. आम्ही घेऊन जाऊ."

मी सिस्टरकडे गेले. तिची ड्युटी संपत आली होती, ती कोट चढवत होती. मी विचारलं, पाय कुठे ठेवलाय. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "गेला असेल कचरा जाळायच्या भट्टीत. त्याला तो कशाला हवाय?"

ती खरोखर विचारत होती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं की कापलेला पाय माणसाला कशाला हवा असेल. त्या प्रश्नात जरा कुचेष्टा असती तरी मी तिला काही बोलले असते.

मी म्हटलं, "सिस्टर, त्याला काहीच समजलं नव्हतं. मला त्याची भाषा येत नाही. मी सकाळीच सांगितलं होतं."

तिने कोटाची बटणं लावली. "पण सही तुझी आहे ना, नर्स?" म्हणाली. मग, "उद्या भेटू."

मला तेव्हा कळलं. इतके दिवस वाटत होतं, यांना माझ्या जिभेचा उपयोग आहे. जिभेचा नव्हताच. त्यांना कागदावर एक नाव हवं होतं, तो कागद उद्या कोणी उघडला तर बोट दाखवायला. कुठल्यातरी काळ्या माणसाचं नाव. ते मी दिलं होतं. माझ्या हातानं, ठळक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मी मोफिज मियाँचं ड्रेसिंग करायला गेले तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हात हलवून मला जायला सांगितलं. दुसऱ्या नर्सकडून, त्या गोऱ्या पोरीकडून, त्याने ड्रेसिंग करून घेतलं. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

माझ्या हातचं पाणी न घेणारी माणसं मी जन्मापासून पाहिली होती. आमच्या गावात विहिरीवर बाया मला पाहून तोंड फिरवायच्या. तेव्हा मला राग यायचा, कारण मी काही केलेलं नसायचं. माझी आई म्हणायची, लाज त्यांना वाटायला पाहिजे, तू मान खाली घालू नको. मी कधी घातली नव्हती. त्या वॉर्डात घातली. या माणसाला माझ्या हातचं पाणी नाकारायचा हक्क होता. तो हक्क मीच त्याला दिला होता.

तो आणखी तीन आठवडे होता. एकदाही बोलला नाही. मग कुबड्या घेऊन रशीदबरोबर गेला. फाउंड्रीने घेतलं नसणारच. पुढे काय झालं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमत केली नाही, हेही लिहायला हवं.

माझा रिपोर्ट चांगला आला. सिस्टरने लिहिलं होतं, सहकार्य करणारी.

दोन-अडीच वर्षांनी मी बायकांच्या वॉर्डात होते. सिस्टर दुसरी होती, मऊ बोलणारी. रजिस्ट्रार मात्र अधूनमधून तिथेही यायचे. एक पंजाबी बाई आली होती, तिशीची, रक्तस्राव थांबत नव्हता. दोन मुली होत्या तिला. तिच्या पंजाबीतला मला चारात एक शब्द कळायचा. ती मला सारखी म्हणत होती, "सफाई, ना? सफाई?" आणि कागदावर लिहिलं होतं, गर्भाशय काढणे. तिचा नवरा मोटारीच्या कारखान्यात होता. त्याला इंग्लिश यायचं. तोही सात वाजता यायचा. ऑपरेशन दोन वाजता.

रजिस्ट्रारनी कागद माझ्यासमोर धरला. पेनचं टोपणही काढून दिलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, ती सफाईला हो म्हणतेय. यापुढे मूल होणार नाही हे तिला माहीत नाही. नवऱ्याला कारखान्यातून बोलवा."

"तू सही कर. बाकीचं मी बघतो."

"मी सही करणार नाही."

त्यांनी आवाज खाली आणला. चेहऱ्यावर हसू ठेवून, आसपासच्यांना काही कळू नये अशा बेतानं मराठीत म्हणाले, "फार शहाणपणा करू नकोस. तुम्हा लोकांना इथवर येऊ दिलं हेच चुकलं."

ते मराठी त्यांनी भिंतीसारखं वापरलं होतं. आत आम्ही दोघं, बाहेर सगळे. मला त्या भिंतीच्या आत राहायचं नव्हतं. मी इंग्लिशमध्ये, शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "डॉक्टर मला सही करायला सांगतायत. मला पंजाबी येत नाही. मी या बाईला काहीही समजावून सांगितलेलं नाही. मी सही करणार नाही."

नवी सिस्टर लगबगीनं आली. "कोणी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये गं. नुसता एक फॉर्म आहे."

"मग तुम्ही करा सही," मी म्हटलं.

ती गोरीमोरी झाली. "मला कुठे पंजाबी येतं?"

असं म्हणताना तिला स्वतःच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. मला बेडपॅन धुवायच्या खोलीत पाठवलं. अर्ध्या तासानं मी बाहेर आले तर ती बाई खाटेवर नव्हती. थिएटरला नेलं होतं. मी कागद पाहिला. रेघेवर सही होती. वळणदार, नवी, शाळेतल्या पोरीसारखी. मॉरिशसहून आलेल्या एका शिकाऊ मुलीची. तिला येऊन तीन आठवडे झाले होते.

मी तिला गाठलं. विचारलं, "तुला पंजाबी येतं?"

"नाही. आम्ही घरी क्रिओल बोलतो."

"मग सही का केलीस?"

"सिस्टर म्हणाली, कर." ती माझ्याकडे पाहत राहिली. "काही चुकलं का?"

मी तिला रागावू शकले नाही. तिच्या जागी मी बसून आले होते. मी तिला सगळं सांगितलं. पाय, थोडा, भट्टी, सगळं. ती रडायला लागली आणि मग म्हणाली, "पण माझी परीक्षा आहे."

सात वाजता नवरा आला. मी त्याला जिन्यात थांबवून खरं ते सांगितलं. तुमच्या बायकोला विचारलेलं नाही. मेट्रनला लिहा. साक्षीला माझं नाव घाला. तो सरदारजी भिंतीला टेकला. बराच वेळ पगडीवरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "बहनजी, हमें यहीं रहना है." त्याने काही लिहिलं नाही. पण मी त्याच्याशी बोलले हे कोणीतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मेट्रनने बोलावलं. हॉस्पिटलशी बेइमानी केलीस म्हणाली. मला शहराबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात टाकलं. तिथे बढती नसते. तिथे लोक मरेपर्यंत राहतात, पेशंट आणि नर्सही.

म्हणजे माझ्या नकारानं काय झालं? त्या बाईचं गर्भाशय वाचलं नाही. ऑपरेशन पाच मिनिटंही लांबलं नाही. एका पोरीचा हात मळला, तो माझ्या नकारानंच. रजिस्ट्रार पुढे मोठे सर्जन झाले असं ऐकलं. सर्जिकल वॉर्डच्या त्या पहिल्या सिस्टरला निवृत्तीच्या वेळी फुलं दिली, ती चांगली बाई होती असं सगळे म्हणाले, आणि तसं खोटं नव्हतं ते. हेच मला सर्वांत भयंकर वाटतं. तो फॉर्म मी पुढे सात-आठ वर्षं पाहत होते. तीच छापील ओळ, तीच रेघ. रेघेवर दर वेळी वेगळं नाव, आणि नाव नेहमी आमच्यापैकी कोणाचं तरी.

हे बदलेल असं मला वाटत नाही. खोटी आशा मी कोणाला देणार नाही, एकदा 'थोडा' म्हणून बघितलंय.

पण एक मी ठरवलं आणि तेव्हापासून मोडलं नाही. म्हाताऱ्यांच्या वॉर्डातही कागद येतात. दर वेळी मी आधी विचारते, याला कळलंय का? नाही म्हणाले, तर पेन खाली ठेवते आणि वॉर्डच्या रिपोर्टबुकात लिहिते: या रुग्णाला सांगितलेले नाही. खाली सही. दोनदा ते पान फाडलं गेलं. दोनदा मी पुन्हा लिहिलं. मला आडमुठी म्हणतात. मॉरिशसची, केरळची, जमैकाची नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिला बाजूला घेऊन तो फॉर्म दाखवते आणि रेघेवर बोट ठेवते. काही ऐकतात. बऱ्याच जणी ऐकत नाहीत.

मोफिज मियाँची माफी मी मागितली नाही. मागायला भाषा नव्हती, आणि असती तरी ती माफी माझ्याच सोयीची झाली असती. त्याचा पाय माझ्या सहीनं भट्टीत गेला. ते मी कोणावर ढकलत नाही, सिस्टरवर नाही, डॉक्टरवरही नाही. त्यांनी त्यांचं पाहावं. माझ्या हातून पुन्हा ते होणार नाही. नोकरी घ्या, खोली घ्या. माझं नाव मिळणार नाही.